डहाळी टाकलेली वाट

आमच्या सालेकशाकडच्या जंगलात शिरल्यावर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, आणि मारलीच तर कुणी ओ देत नाही. का, ते मला लहानपणी कुणी नीट सांगितलं नाही. कुणी म्हणायचं अस्वल नाव लक्षात ठेवतं, कुणी म्हणायचं आणखी काहीतरी ठेवतं, आणि मग विषय बदलायचे. नावाऐवजी हाळी द्यायची. प्रत्येक घरची हाळी वेगळी. आमच्या घरची म्हणजे एक लांबलचक हुऽऽऽ आणि शेवटी दोन तुटक हु-हु. मोहफुलं वेचताना किंवा तेंदूपानं तोडताना आपलं माणूस झाडीआड दिसेनासं झालं की हाळी द्यायची, तिकडून उत्तर आलं की परत कामाला लागायचं.

वाटेचाही एक रिवाज होता. पायवाटेला जिथं दोन फाटे फुटतात तिथं पुढे जाणाऱ्यानं हिरवी डहाळी मोडायची आणि ज्या वाटेनं आपण गेलो नाही तिच्या तोंडावर टाकायची. मागून येणारा डहाळी पाहतो आणि दुसरी वाट धरतो. एवढं करूनही चुकामूक झालीच, तर आपल्या माणसाला जिथं शेवटचं पाहिलं तिथं परत जायचं आणि तिथून हलायचं नाही. हे सगळं मला माझ्या आत्यानं शिकवलं. पुढे मी गोंदियाला शाळेत शिक्षिका झाले, शहरातच राहिले, आणि हे सारं माझ्या डोक्यातून कधी गेलं ते मला कळलंही नाही.

आत्यानं सत्तरी ओलांडली आहे. सालेकशाजवळच्या गावात स्वतःच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत, आतेभाऊ शेती बघतो, सून भली आहे, काही कमी नाही. पण मागच्या वर्षी कचारगडच्या जत्रेत एक प्रकार झाला. माघी पौर्णिमेची गर्दी, गुहेकडे चढणारी माणसांची रांग, आणि त्यात आत्या दिसेनाशी झाली. आतेभाऊ दिवसभर वणवण फिरला. लाउडस्पीकरवरून पुकारा केला, प्रत्येक दुकानात विचारलं, गड दोनदा चढला-उतरला. संध्याकाळी आत्या पायथ्याशी एका मोहाच्या झाडाखाली बसलेली सापडली. तो आधी चारचौघांत रडला, मग भयंकर चिडला, आणि त्या दिवसापासून आत्याचं एकटीनं कुठंही जाणं बंद झालं. बाजार बंद, जंगल बंद. मोहाचा हंगाम आला तेव्हा ती ओसरीत बसून टोपलं नुसतं इकडचं तिकडे करत राहिली. तो ज्याला त्याला सांगू लागला, "आईले आता आठवत नाही. आनखी एकदा असं झालं ना, तर घराची पायरी उतरू देनार नाही."

आत्याचं म्हणणं एकच होतं. "मी कुठं हरपली होती? तोच हरपला होता."

हे ऐकून सगळे हसायचे. मीही हसले होते.

व्हिएतनामचं खूळ निघालं ते माझ्या फोनवरून. एकदा गावी गेले असताना मी तिला एक व्हिडिओ दाखवला. टोकदार टोप्या घातलेल्या बायका ओळीनं वाकून चिखलात धान रोवत होत्या. आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांशी नेला. "हे कोनतं गाव?" मी म्हटलं, गाव नाही, देश आहे, व्हिएतनाम. ती म्हणाली, "रोवना तर आपल्यासारखाच करून राहिल्या. पन स्वेटर घालून कायले?" तिथं फेब्रुवारीत, थंडीत रोवणा असतो, असं मी सांगितलं. जरा वेळानं ती म्हणाली, "मले पाहाचं हाय." मी गमतीनं म्हटलं, चल जाऊ. आत्याशी गंमत करू नये हे मला पन्नाशीतही कळत नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "कधी जाचं?"

मग माझंही डोकं फिरलं. का नाही जायचं? गोंदियाच्या राइस मिलवाल्यांच्या घरातले लोक दरवर्षी बँकॉक नि दुबई करून येतात आणि जन्मभर धान पिकवणाऱ्या बाईनं ओसरीत बसायचं? मी आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुले जाचं तर तू जाय. आईले कायले ओढून राहिली? कचारगडात हरपली ते परदेशात नाही हरपनार?" मी म्हटलं, मी असताना नाही हरपणार. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ठीक हाय. पन तिथं काही झालं, तर मंग मले कोनी काही सांगाचं नाही. आई घरात राहील." आत्या शेजारीच बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. यात काय पणाला लागलंय ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं तिला विचारलं, परदेशात कशाला जाता? ती म्हणाली, "धान पाहाले." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरंच आहे ते.

मी जय्यत तयारी केली. विमा काढला. पासपोर्टच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. हॉटेलच्या नावाचं, तिथल्या भाषेत छापलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आत्याच्या गळ्यात अडकवायचं ठरवलं. खेळाच्या तासाला वापरतात तशी एक शिट्टी घेतली. आणि रोज संध्याकाळी फोनवरून तिचा वर्ग घेतला. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. आपली माहिती कुणाला द्यायची नाही. हरवलीस तर कार्ड दाखवायचं. ती सगळ्याला हो म्हणायची आणि शेवटी विचारायची, "अन् हाळी?" मी म्हणायची, आत्या, ते शहर आहे, तिथं हाळी देणार का?

गोंदियाहून आम्ही रेल्वेनं हावड्याला गेलो आणि कोलकात्याहून विमानानं हनोईला. आमच्या सहलीत बहुतेक गोंदिया-नागपूरकडचेच लोक होते, बोलणं सगळं हिंदीत. सहलीचा व्यवस्थापक चांगला प्रौढ माणूस होता, हातात छत्रीच्या काठीला बांधलेला पिवळा रुमाल घेऊन फिरायचा. एका मिलमालकाची बायको माझ्या आत्याला "माजी, माजी" करत होती आणि दर वेळी माझ्या कानात विचारत होती, "इनको लाना ज़रूरी था क्या?" मी तिला दर वेळी हसून उत्तर दिलं, त्याबद्दल मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं होतं.

हनोईचा रस्ता म्हणजे स्कूटरींचा पूर. सिग्नल असो-नसो, त्या येतच राहतात. व्यवस्थापकानं सांगितलं, पळायचं नाही, थांबायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं, गाड्या आपोआप बाजूनं जातात. मिलमालकाची बायको अर्ध्यात जाऊन किंचाळली आणि परत फिरली. आत्यानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ पलीकडे गेली. तिकडे पोचल्यावर म्हणाली, "संध्याकाळी ढोरं घरी येतात, त्यायच्यातून आपन नाही जात का?" मला तेव्हा वाटलं, निम्मी लढाई जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बाजारपेठेतून तळ्याकडे चालत जायचं होतं. बारीक पाऊस पडत होता, थंडी होती. आत्यानं नऊवारीवर माझा स्वेटर, वर शाल आणि पायांत मोजे असा वेश केला होता. वाटेत एक फोनचं दुकान दिसलं. आत्याच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्ड घालून घ्यायचं मी ठरवलेलं होतं. कशासाठी? सुरक्षेसाठी. दुकानदारीण सिम बदलायला वेळ लावत होती, आणि आमचा घोळका पुढे चालला होता. मी आत्याला म्हटलं, "तू त्या पिवळ्या रुमालाच्या मागं चालत राहा, मी फोन घेऊन आलेच." ती म्हणाली, "थांबतो ना." मी म्हटलं, नको, मग दोघीही मागे राहू. तिचा फोन माझ्या हातात ठेवून मी तिला परक्या देशाच्या रस्त्यावर सोडलं, सगळी काळजी घेऊन.

मी बाहेर आले, झपझप चालले. पुढे एक वळण, वळणापलीकडे रस्त्याला दोन फाटे. डाव्या गल्लीच्या टोकाशी पिवळा रुमाल दिसला, मी त्याच्या मागे धावले. तळ्यापाशी सगळे उभे होते, फोटो काढत होते. आत्या नव्हती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं म्हणणं कमीच आहे. मी व्यवस्थापकाला विचारलं, तो म्हणाला, "माजी तो आपके साथ थीं ना?" मिलमालकाच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. मला तो हात ओरबाडावासा वाटला. व्यवस्थापक पोलिसांकडे जाऊ म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही जा, मी मागे बघते. मी शिट्टी काढली आणि फुंकली. आजूबाजूच्या चार स्कूटरी थांबल्या, एका पोलिसानं माझ्याकडे वळून पाहिलं, बस्स. आमच्याकडे शिट्टी वाजली की माणसं बस सुटली समजतात. आत्या तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही हे मला ती विकत घेताना कसं सुचलं नाही!

मी आल्या वाटेनं परत निघाले. डोळ्यांसमोर आतेभाऊ दिसत होता. तो रागावेल याचं काही नव्हतं, रागावू दे. पण आत्या उरलेलं आयुष्य ओसरीत टोपलं इकडचं तिकडे करत बसेल, आणि तिला तिथं मी बसवलेलं असेल, हे मला सहन होत नव्हतं. मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, नाही, सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही. मराठीत म्हटलं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

त्या दोन फाट्यांपाशी आले आणि थांबले. डाव्या गल्लीच्या तोंडाशी फरशी उखडून मोठा खड्डा पडला होता, आणि कुणाचा पाय जाऊ नये म्हणून एखाद्या भल्या माणसानं त्यात झाडाची हिरवी, पानांनी भरलेली डहाळी खोचून ठेवली होती. जाताना मी तिला वळसा घालून गेले होते. आता मी तिच्याकडे बघतच राहिले. आत्या इथवर आली असेल. घोळका वळणापलीकडे गेला असेल. समोर दोन वाटा, आणि डाव्या वाटेवर ताजी हिरवी डहाळी. जन्मभर जंगलात वावरलेल्या बाईला यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार, की आपली माणसं इकडून गेलेली नाहीत?

मी उजवी गल्ली धरली. पुढे पुन्हा दोन वाटा. मी खाली पाहिलं आणि माझ्या घशातून हसू की हुंदका, काहीतरी आलं. एका वाटेच्या तोंडावर छोट्या संत्र्यांची डहाळी आडवी पडलेली होती, दोन पिवळी फळं तशीच लटकत होती. तिथं नव्या वर्षाला दारोदार कुंडीत संत्र्याची बुटकी झाडं मांडतात. समोरच्या दारातली बाई आपल्या झाडाचा मोडलेला भाग मला दाखवत तावातावानं बोलत होती. झाड मोडणारी बाई माझीच, हे तिनं बहुधा चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखलं असावं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले. तिला वाटलं असेल, यांच्या देशात वेड्याच बायका असतात. मागून मी येणार आहे, हे आत्या विसरली नव्हती. ती माझ्यासाठी वाट दाखवत चालली होती.

आणखी एका वळणावर कुणाच्या तरी मनीप्लँटचा वेल. पुढे कोथिंबिरीसारख्या कसल्या तरी पाल्याची जुडी, ती भाजीवालीकडून घेतलेली की उचललेली ते मी विचारलेलं नाही. आणि मग एक भाजीबाजार लागला, चहूकडून वाटा येऊन मिळणारा. तिथं जिकडेतिकडे हिरवा पालाच पाला पडलेला होता. खुणा संपल्या.

मी बाजाराच्या मधोमध उभी राहिले. माझ्या शाळेतल्या मुली समोर असत्या तर मला जमलं नसतं. पण कुणी नव्हतं ओळखीचं, आणि असतं तरी त्या घडीला मला फिकीर नव्हती. मी तोंडाशी हात धरला आणि पोटापासून हाळी दिली. हुऽऽऽ, हु-हु. मासे कापणाऱ्या बाईचा सुरा हवेत थांबला. मी पुन्हा दिली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा दिली, तीही नुसती स्कूटरींच्या भोंग्यांत विरून गेली.

आणि तेव्हा कुठं मला उरलेलं आठवलं. पुढे कुणी दिसत नाही म्हटल्यावर आत्या वेड्यासारखी पुढे कशाला जाईल? ती आपल्या डहाळ्या बघत मागे फिरली असेल. आपल्या माणसाला जिथं शेवटचं पाहिलं तिथं. तिनं शेवटचं पाहिलं होतं मला, त्या फोनच्या दुकानात.

मी धावले. साडी असती तर पडले असते, नशीब सलवार होती. फाट्यांजवळ, वळणाच्या अलीकडेच मला ऐकू आलं. हुऽऽऽ, हु-हु. अगदी आमच्या घरची. आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक, बारीक आवाजातली, चुकीच्या सुरातली हुऽऽऽ. मी उत्तर दिलं, धावताधावताच.

दुकानासमोर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर आत्या बसली होती. एका हातात वाफाळता चहा, दुसरा हात तोंडाशी. शेजारी उभी राहून फोनच्या दुकानातली ती बाई तिच्याबरोबर हाळी देत होती. मला बघून तिनं टाळ्या वाजवल्या. आत्यानं मात्र मला नखशिखान्त पाहिलं.

"कोठी हरपली होती?" ती म्हणाली. "मी येथी कवाची बसून राहिली हावो."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रस्त्यातच रडले. जरा शांत झाल्यावर ओरडले, "गळ्यात कार्ड होतं ना? काऊन नाही दाखवलं कोणाला?" तिनं शाल, स्वेटर आणि पोलक्याच्या आतून कार्ड ओढून काढलं. "तूच सांगतलं होतं, अनोळखी मानसाले आपली माहिती द्याची नाही."

मी व्यवस्थापकाला फोन करून आत्या सापडल्याचं कळवलं. संध्याकाळी हॉटेलात तो हात जोडून म्हणाला, "मैडम, कल खेतों की तरफ़ जाना है, कीचड़ है, माजी को यहीं आराम करने दीजिए।" त्याचंही बरोबर होतं, जबाबदारी त्याच्यावर होती. पण मी म्हटलं, ती शेतासाठीच आली आहे. ती येणार, मी तिचा हात सोडणार नाही, आणि तुम्हाला हवं तर मी तसं लिहून देते. तो मान हलवून निघून गेला.

खोलीत आल्यावर आत्या पलंगाच्या कडेला बसून राहिली. दिवसभर एकदाही न घाबरलेली बाई आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पोरी," ती म्हणाली, "त्याले नको सांगू." परक्या शहराची, स्कूटरींची, पोलिसांची तिला भीती वाटली नव्हती, आणि पोटच्या पोराची वाटत होती. मी तिला म्हटलं, आत्या, मिलवाली बाई गोंदिया स्टेशनवर उतरायच्या आधी अर्ध्या जिल्ह्याला सांगून मोकळी होईल. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर संपलंच. आपण सांगायचं, आणि सगळं सांगायचं. तिनं बोटावरचा पदर सोडला. मग म्हणाली, "मंग मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी बस शहराबाहेर गेली आणि आत्या काचेला नाक लावून बसली. बांध्याच बांध्या, पाण्यानं भरलेल्या, आणि त्यात वाकलेल्या बायका. रस्त्याच्या कडेला बस थांबली. बाकीचे फोटो काढू लागले. आत्यानं मोजे काढून माझ्या हातात दिले. व्यवस्थापक "माजी, माजी" करत आला तोवर ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरली होती, आणि मी कबूल केल्याप्रमाणे तिचा हात धरून तिच्या मागे, माझ्या चांगल्या सलवारीसकट. रोवणाऱ्या बायकांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग आपापसांत काही बोलल्या, मग एकीनं हात हलवून बोलावलं आणि पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक जुडी आत्यासमोर धरली. आत्यानं ती डाव्या हातात धरली, उजव्या हाताच्या बोटांनी काडी सुटी केली आणि रोवली. पाणी बर्फासारखं थंड होतं. एक ओळ ती न बोलता रोवत गेली. त्या बायका तिच्या हाताकडे बघत होत्या आणि ती त्यांच्या. तिचा चेहरा मी तसा आनंदी कधी पाहिला नव्हता, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

कंबर सरळ करून ती म्हणाली, "लाव फोन त्याले."

मी व्हिडिओ कॉल लावला. आतेभाऊ गोठ्यात होता. आईला चिखलात उभी बघून त्याचे डोळे मोठे झाले. "आई! पडशील ना वो!" आत्या म्हणाली, "आयकून घे. काल आमची चुकामूक झाली." मग तिनं डहाळीचं, बाजाराचं, माझ्या धावण्याचं सगळं सांगितलं, स्वतःचं चुकलं तेही. तो ऐकत होता. चेहरा बदलत चालला होता. शेवटी तो मला म्हणाला, "ताई, मी काय सांगतलं होतं?"

मी बोलायच्या आत आत्या म्हणाली, "मी जागेवर जाऊन बसली होती. जेथी पोरीले शेवटचं पाह्यलं तेथी. कचारगडात बी तेथीच होती."

"कुठं तेथीच?" तो म्हणाला.

"मोहाखाली. तू म्हनला, नारळ घेऊन येतो. तेथीच. दिवसभर हाळी देऊन राहिली."

फोन गोठला असं मला वाटलं. पण त्याच्या मागे म्हैस शेपटी हलवत होती. वर्षभर त्यानं सगळ्या गावाला सांगितलं होतं की आई हरवली, आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं की तू होतीस कुठं. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. नारळ घेऊन येताना गर्दीत तो ते झाड चुकला, आई रांगेत पुढे गेली समजून गड चढला, आणि जत्रेच्या गोंगाटात तिची हाळी त्याच्या कानावर पोचली नाही. लाउडस्पीकरवरून तो तिचं नाव पुकारत राहिला होता, आणि ती त्या नावाला ओ देणार नव्हती, कारण ते जंगल होतं. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "पाय नीट धू. थंडी लागंल." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

परत आल्यावर त्यानं विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. मार्च संपत आला, मोह टपकायला लागला. एका रविवारी मी गावी गेले, तर पहाटे आत्या टोपलं घेऊन अंगणात उभी आणि आतेभाऊ मोटारसायकल पुसत होता. त्यानं तिला जंगलाच्या कडेपर्यंत सोडलं, मी माझ्या स्कूटीवर मागून गेले. तो म्हणाला, "मी येथीच उभा राह्यतो." आत्या मागे न बघता झाडीत शिरली.

थोड्या वेळानं त्यानं हाळी दिली. लहानपणानंतर पहिल्यांदाच देत असावा, आवाज मध्येच फाटला. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा दिली. पाखरं उडाली, तेवढंच. तो दोन पावलं झाडीकडे निघाला आणि मी त्याचा दंड धरला.

"जागा सोडू नको," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चुळबुळ केली, मोटारसायकलची किल्ली या हातातून त्या हातात घेतली, पण थांबला. मग तोंडाशी हात धरून त्यानं तिसऱ्यांदा हाळी दिली, यावेळी नीट, शेवटच्या दोन तुटक हु-हुसकट. आणि बऱ्याच आतून, जरा वैतागलेल्या आवाजात, आमच्या घरचं उत्तर आलं. तो तिथंच धुळीत खाली बसला आणि ती परत येईपर्यंत उठला नाही.